बिनगुरूची तलवार

सहाशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका जर्मन माणसानं मला लंगडी म्हटलंय. एकटीला नाही, तमाम डावखुऱ्यांना. पण ते पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मी एका शाळेच्या व्यायामशाळेत घामानं निथळत उभी होते. तलवारीच्या मुठीवर माझा डावा हात वर आणि उजवा खाली होता, आणि आजूबाजूचे चौदाजण बरोबर उलटं धरून उभे होते. त्यामुळे मी ते अंगाला लावून घेतलं.

आजीनं जेवणापुरता माझा हात बदलवला होता. लिहिण्याचा राहिला, कारण साठ पोरांच्या वर्गात बाईंना तेवढी सवड नव्हती. त्यानंतर हाताचा प्रश्न निघाला तो थेट चाळिशीत, न्युरेंबर्गला, आणि तोही तलवारीवरून.

त्या माणसाचं नाव योहानेस लिश्टेनाउअर. चौदाव्या शतकातला तलवारीचा उस्ताद. त्याच्या आयुष्याबद्दल जवळजवळ काहीच मागे उरलेलं नाही. उरल्यात त्या यमकं जुळवलेल्या ओळी, ज्यांना इकडे ‘त्सेटेल’ म्हणतात. त्सेटेल म्हणजे चिठ्ठी, चिठोरं. सुरुवात मोठी खानदानी आहे: तरुण शूरा, शीक, देवावर प्रेम कर, स्त्रियांचा मान राख. आणि थोडं पुढे गेलं की आमचा उद्धार: उजवा असशील तर डावीकडून लढू नकोस, आणि डावा असशील तर उजवीकडे फार लंगडशील. आमच्या शिकवणाऱ्यानं हे मोठ्यानं वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘याचं भाष्य पुढच्या महिन्यात.’

म्हणजे महिनाभर लंगडत बसा.

मी तिथं पोचले कशी, तर ऑफिसातल्या एकानं ओढून नेलं. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या नम्र भाषेत लिहून पाठवायच्या. पाठ धरली होती. तो म्हणाला, आमच्या क्लबात नवशिक्यांसाठी शनिवार-रविवारचं वर्कशॉप आहे, ये. ऐतिहासिक युरोपीय युद्धकला असं लांबलचक नाव आहे, पण सगळे इंग्रजी आद्याक्षरं जोडून ‘हेमा’ म्हणतात. आईला फोनवर सांगितलं, दर मंगळवारी संध्याकाळी मी हेमाला जाते. दोन महिने तिची समजूत होती की मला तिकडे एक चांगली मैत्रीण मिळाली आहे. एकदा तर ‘हेमाला घरी जेवायला बोलाव की’ म्हणाली.

मला वाटलं होतं, चिलखतं घातलेले लोक असतील, मशाली वगैरे. होते ते ट्रॅकपँटमधले संसारी लोक. एक नर्स, एक ट्राम चालवणारा, काही विद्यार्थी, एक निवृत्त लॅटिन शिक्षिका. भिंतीला व्यायामाच्या शिड्या, जमिनीवर बास्केटबॉलच्या रेघा, आणि कोपऱ्यात छत्र्या ठेवतात तशा एका पिंपात उभ्या ठेवलेल्या तलवारी.

तलवार हातात घेतली तेव्हा पहिला भ्रम गेला. दोन हातांनी धरायची ही लांब तलवार, माझ्या छातीच्या वरपर्यंत येणारी, वजनाला दीड किलोच्या आत-बाहेर. सरावाच्या तलवारीला ‘फेडर’ म्हणतात. पातं अरुंद, धार नाही, टोक बोथट, अंगात लवचीकपणा म्हणजे भोसकल्यावर वाकावी, समोरच्याच्या बरगडीत जाऊ नये. मुठीजवळ मात्र पातं एकदम रुंद होतं, कोल्हापुरी चपलेच्या कानांसारखं दोन्हीकडे पसरतं. हा आकार आधुनिक सोय नव्हे. जुन्या चित्रांतल्या आखाड्यांतही असाच आहे.

त्या रात्री कोल्हापूरला मामांना फोन केला. मामा पेठेतल्या तालमीतले, लाठी आणि दांडपट्टा फिरवणारे. आता सत्तरी ओलांडली, पण अजून शिवजयंतीला पोरांना दम द्यायला जातात.

‘वजन किती म्हणालीस?’

‘दीड किलो, मामा.’

‘एवढीच? मग दोन हात कशाला लागत्यात?’

मी सांगायला लागले की टोक लांब असतं, दोन हातांमुळे मुठीची ढकल-ओढ करून ते पटकन फिरवता येतं, वगैरे. मामांनी ऐकून घेतलं. मग नेमका प्रश्न विचारला. ‘शिकवतंय कोण? वस्ताद कोण?’

‘वस्ताद असा नाही कुणी. पुस्तकं आहेत.’

‘पुस्तकं?’

‘चारशे, पाचशे, सहाशे वर्षांपूर्वीची. त्यातून सगळे मिळून शोधतात.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘बिनगुरूचं शिकतायसा व्हय. खुळी हायस.’

मामांचं खुळी म्हणणं मी नेहमी गंभीरपणे घेते, आणि यावेळी तर त्यात तथ्य होतं. लांब तलवारीची ही विद्या कुणी कुणाला हातात हात धरून देत आली, आणि मग ते थांबलं. बंदुका आल्या, कमरेला सडपातळ एकहाती तलवारी आल्या, जुने डाव कुणाला नको झाले. १४८७ साली इथं न्युरेंबर्गातच सम्राट फ्रीडरिश तिसऱ्यानं ‘मार्क्सब्र्युडर’ या तलवारबाजांच्या संघाला सनद दिली होती. त्या संघाच्या कुठल्याही शिष्याचा शिष्य आज शिल्लक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये आल्फ्रेड हटन आणि एगर्टन कॅसल यांनी जुने ग्रंथ उघडून पुन्हा हात चालवून पाहिले, पण ते त्यांच्याबरोबर ओसरलं. आज जे चाललंय ते १९९०नंतरचं, हस्तलिखितांच्या छायाप्रती आणि मग इंटरनेट आल्यावरचं. म्हणजे माझ्या शिकवणाऱ्याचा शिकवणाराही पुस्तकातूनच शिकलेला.

महिन्यानंतर भाष्याचं वर्कशॉप झालं आणि तिथं मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं.

लिश्टेनाउअरच्या ओळी मुद्दाम झाकलेल्या आहेत. त्याच्या परंपरेतले लोकच सांगतात की उथळ उस्तादांनी विद्या बाजारात मांडू नये म्हणून गुरूनं ती गुप्त शब्दांत बांधली. मग पंधराव्या शतकात सिगमुंड रिंगेक नावाच्या एकानं प्रत्येक दोन-चार ओळींखाली गद्यात अर्थ लिहिला. पीटर फॉन डान्झिगच्या नावानं ओळखलं जाणारं दुसरं भाष्य आहे. एखाद्या ओळीवर दोघांचं जमतं, एखाद्या ओळीवर थोडं सरकतं. जर्मन मंडळींना हा सगळा प्रकार चमत्कारिक वाटत होता: एवढ्याशा ओळी आणि त्यावर एवढं लिखाण. मला काहीच चमत्कारिक वाटलं नाही. आधी सूत्र, मग भाष्य, मग भाष्यकारांची भांडणं. ज्या भाषेतला सगळ्यांत लाडका ग्रंथ ही एक टीका आहे, त्या भाषेतल्या माणसाला हे काय नवीन? कूट अभंग पाठ करून मोठी झालेली माणसं आम्ही.

माझ्या लंगडेपणाचाही उलगडा त्या दिवशी झाला. भाष्य म्हणतं, उजव्या हाताच्या माणसानं पहिला घाव डावीकडून काढू नये, आणि डावखुऱ्यानं उजवीकडून. कारण त्या बाजूनं हात एकमेकांत अडकतात, समोरच्याच्या पात्याला आपलं पातं भिडलं की जोर उरत नाही. म्हणजे कमी लेखणं नव्हतंच. माझ्यासारख्यांसाठी वेगळी ओळ राखून ठेवली होती. आमच्या बाईंपेक्षा भला माणूस निघाला.

या परंपरेतलं सर्वांत जुनं मानलं जाणारं हस्तलिखित इथल्या गेर्मानिशेस नाट्सिओनालम्युझेउममध्ये आहे, माझ्या घरापासून भुयारी रेल्वेनं पाच थांब्यांवर. क्रमांक ३२२७ अ. त्यातल्या कालगणनेवरून ते १३८९च्या सुमाराचं धरत आले. आता काही अभ्यासक ते नंतरचं मानतात. हा नुसता तलवारीचा ग्रंथ नाही, घरात ठेवायची संग्रहवही आहे. पोलाद कडक कसं करावं, रंग कसे बनवावेत, असल्या कृती आणि त्यांच्यामध्ये तलवार. आजीच्या वहीत लोणच्याच्या प्रमाणाशेजारी विंचवाचा उतारा असायचा, तसं. मी ती वही प्रत्यक्ष पाहिलेली नाही. पाच थांबे ओलांडून तिच्या दारावरून जाते आणि घरी येऊन पडद्यावर तिची पानं मोठी करून बघते.

त्या वहीत लिहिणाऱ्यानं एक गोष्ट मोकळेपणानं कबूल करून टाकली आहे: लढण्याबद्दल जितकं नीट हातानं दाखवता येतं, तितकं नीट सांगता किंवा लिहिता येत नाही. आणि दुसरी: अभ्यास विद्येवाचून चालेल, पण विद्या अभ्यासावाचून कामाची नाही. तिसरं म्हणजे त्यानं नाचऱ्या उस्तादांना झोडपलंय. रुंद-रुंद हात फिरवायचे, दिसायला सुंदर, नवनवीन डाव काढायचे, आणि खऱ्या लढाईत उपयोग शून्य. हे वाचताना मला मिरवणुकीतली लिंबं कापणारी पोरं आठवली आणि मग त्यांची बाजू घ्यावीशी वाटली. ज्यांना नाचरे म्हणून हिणवलं, त्यांनीच पुष्कळदा विद्या जगवून ठेवली. दांडपट्टा लढाईतून गेल्यावर मिरवणुकीत जगला. इकडे मिरवणूक नव्हती, तर विद्या वहीत उरली.

पहिल्या वर्षात वर्कशॉपं खूप केली. सगळीच काही लक्षात राहण्याजोगी नव्हती. पवित्रे चार: बैल, नांगर, मूर्ख आणि चौथ्याच्या नावावर अजून वाद. बैल म्हणजे मूठ डोक्याशी आणि टोक शिंगासारखं पुढे, नांगर म्हणजे मूठ कमरेशी आणि टोक वर रोखलेलं. शेतकऱ्यांच्या पोरी, आम्हाला ही नावं पाठ करायला लागली नाहीत. पाच मुख्य घाव आहेत, त्यांतला पहिला ‘रागाचा घाव’, म्हणजे खांद्यावरून तिरका खाली येणारा, न शिकलेला माणूसही रागाच्या भरात घालेल तो. शिकायचं ते राग न येता तोच घालायला.

इटलीच्या फिओरे देई लिबेरी या उस्तादाच्या ग्रंथावरही दोन दिवस गेले. ग्रंथ १४१०च्या आसपासचा. त्यात एक चित्र आहे, मधे माणूस आणि भोवती चार प्राणी. डोक्यावर वनमांजरासारखा लिंक्स, सावधपणाचा. एका बाजूला वाघ, चपळाईचा. दुसरीकडे सिंह, धाडसाचा. आणि पायाशी हत्ती. पाठीवर किल्ला. तो म्हणतो, मी किल्ला वाहतो, गुडघे टेकत नाही आणि माझं पाऊल चुकत नाही. मी सगळ्यांना सांगितलं की आमच्याकडचे हत्ती देवासमोर गुडघे टेकतात आणि तरी त्यांचं पाऊल चुकत नाही. कुणी काही बोललं नाही.

कुस्तीचं वर्कशॉप मात्र मजेचं. जुने जर्मन लेखक सांगतात की सगळ्या लढण्याचं मूळ कुस्तीत आहे, आणि तलवारीच्या ग्रंथांत कुस्तीची पानंच्या पानं असतात. त्यांतला नावाजलेला उस्ताद ओट, ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचा पैलवान. काही हस्तलिखितांत त्याला धर्मांतर केलेला यहुदी म्हटलंय. शिकवणाऱ्यानं कमरेवरून फेकण्याचा एक डाव दाखवला. मी म्हटलं, ही तर धोबीपछाड. नाव समजावून सांगताना धोबी, दगड, ओलं धोतर असं सगळं हातवाऱ्यांनी करावं लागलं. आता आमच्या हॉलमध्ये त्या डावाला सगळे ‘धोबी’ म्हणतात. मी स्वतः तो आजवर एकदाही नीट मारलेला नाही. कोल्हापूरची असून. हे मामांना सांगायचं नाही.

लीड्सच्या रॉयल आर्मरीजमधलं आय-तेहेतीस क्रमांकाचं हस्तलिखित तर तलवारबाजीचा आज माहीत असलेला सर्वांत जुना ग्रंथ, साधारण १३००नंतरच्या काही दशकांतला. लॅटिन मजकूर. एका हातात तलवार, दुसऱ्यात ताटलीएवढी ढाल, आणि शिकवणारा कोण, तर पाद्री. त्याचा शिष्य पानोपान मार खातो. आमच्या लॅटिन शिक्षिकेनं तो दिवस गाजवला. शिकवणाऱ्याचं भाषांतर तिनं तीन ठिकाणी दुरुस्त केलं. शेवटच्या पानांवर शिष्य जातो आणि त्याच्या जागी एक बाई येते. लांब झगा, हातात तलवार-ढाल, नाव वालपुर्गिस. ती कोण, तिथं कशी आली, याबद्दल मजकुरात एक अक्षर नाही. ती फक्त लढते, नीट लढते, आणि ग्रंथ संपतो.

वालपुर्गिसनं मला जरा बोचलं, ते सांगून टाकते. मामांच्या तालमीसमोर मी लहानपणी उभी राहिले आहे, दारात, चप्पल घालून. आत मामेभाऊ फरी-गदका खेळायचे. चामड्यानं मढवलेली काठी आणि छोटी ढाल. मला आत बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही. आज तिथं मुली पट्टा फिरवतात, बघून डोळे निवतात. पण माझं वय तेव्हा निघून गेलं. मामांनी मला काहीही शिकवलेलं नाही. मी जे पाहिलं ते दारातून.

आता वाकड्या घावाकडे येते, कारण वर्षभरातले माझे सगळ्यांत चांगले दोन दिवस तिथं गेले.

पाच घावांतला हा दुसरा, क्रुम्पहाऊ. ओळीचा अर्थ असा: चपळाईनं वाकडा हो, टोक हातांवर फेक. आता यात वाकडं काय व्हायचं? पातं? हात? चाल? त्या शनिवारी शिकवणाऱ्यानं काहीही दाखवलं नाही. प्रत्येक जोडीला मजकुराचा एक कागद दिला, सूत्र आणि भाष्य, आणि म्हणाला, दुपारपर्यंत करून दाखवा. भाष्य सांगतं ते एवढं: समोरचा वरून घाव घालतोय, तर उजवा पाय त्याच्या घावाच्या बाहेर, उजवीकडे टाक, आणि गुणिले चिन्हासारख्या एकमेकांवरून ओलांडलेल्या हातांनी टोक त्याच्या हातांवर घाल.

दुपारी सात जोड्यांनी सात क्रुम्पहाऊ दाखवले. ट्रामवाल्याचा वरून खाली यायचा, मोटारीच्या काचेवरच्या वायपरसारखा. नर्सचा खालून. दोन विद्यार्थ्यांचा तर समोरच्याच्या अंगाला लागतच नव्हता, पण त्यांचं म्हणणं होतं की व्याकरणाच्या दृष्टीनं तोच बरोबर. वाद सुरू झाला. त्या काळच्या जर्मनमध्ये ‘वर’ या शब्दाचा अर्थ काय, पाय आधी की हात, हात मनगटापाशी ओलांडायचे की कोपरापाशी. मला मनापासून आनंद झाला. नोकरीत मी रोज हेच करते: कागदावर जे लिहिलंय आणि पडद्यावर जे घडतंय, त्यांतलं अंतर मोजते. पण तिथं कुणी अंगठ्यावर मारत नाही.

मला अंगठ्यावर बसला. चूक माझीच. गरमीत जाड हातमोजे नको म्हणून पातळ घातले होते, ते घालू नका असं लिहून लावलेलं असताना. नख आधी जांभळं, मग काळं. तीन आठवडे मी स्पेसबार तर्जनीनं मारत होते.

अंगठ्याला बर्फ लावून बसले असताना माझी जोडीदार, ती लॅटिनवाली, म्हणाली, हात ओलांडलेले असले की मला जोर कुठून लावायचा तेच कळत नाही. मी म्हटलं, उठ.

व्यायामशाळेच्या मधोमध मी तिला फुगडी शिकवली. मी त्रेचाळीस, ती अडुसष्ट. पाय जवळ, हात ओलांडून धरायचे, मागे कलायचं आणि भार सोडून द्यायचा. पहिल्यांदा ती घाबरून हात आखडत होती. मी सांगितलं, तू आखडलीस तर आपण दोघी पडू. तू सैल सोडलंस तरी पडू. तेवढाच भार दे जेवढा मी देतेय. दुसऱ्या खेपेला ती कलली, आम्ही फिरलो, पिंपातल्या तलवारी आणि भिंतीवरच्या शिड्या गरगरल्या, आणि ती निवृत्त बाई मोठमोठ्यानं हसायला लागली. फेर संपल्यावर माझ्या सुजलेल्या अंगठ्यानं शंख केला, पण तिनं तलवार उचलली आणि म्हणाली, आता चल.

लिश्टेनाउअरच्या लोकांकडे यासाठी एक शब्द आहे, ‘फ्यूलेन’. स्पर्शानं ओळखणं. दोन पाती भिडली की त्या क्षणी समोरचा कडक आहे की मऊ, दाबतोय की सोडतोय, हे डोळ्यांनी दिसण्याआधी मनगटाला कळलं पाहिजे. कडक असेल तर त्याच्या जोराला वाट द्यायची आणि दुसरीकडून जायचं, मऊ असेल तर सरळ आत घुसायचं. आम्ही यासाठी डोळे मिटून सराव करतो. गौरीच्या जागरणात रात्रभर फुगड्या घातलेल्या बायकांना डोळे मिटायची गरज नाही. अंधारात, समोरची कोण आहे हे न बघता, हातात हात आल्याबरोबर कळतं: ही ओढणार, ही मधेच सोडणार, हिच्याशी जपून. माझ्या आईला हे सगळं येतं. तिनं तलवार हातात धरलेली नाही.

आमचा क्रुम्पहाऊ दुपारनंतर चालायला लागला. बरोबर होता की नाही ते कसं सांगणार. पण सहातल्या चार वेळा टोक हातांवर पडत होतं आणि आमच्यावर घाव येत नव्हता. शिकवणाऱ्यानं बराच वेळ पाहिलं. म्हणाला, ‘मी वेगळा करतो. पण हा मोडता येत नाहीये.’ याहून मोठी शाबासकी त्या हॉलमध्ये मिळत नाही.

रात्री मामांना फोन. अंगठ्याचं सांगितलं नाही, फुगडीचं सांगितलं. ते हसले. मग मी त्यांना चिडवलं: मामा, जुन्या पट्ट्यांची, धोपेची पुष्कळ पाती युरोपातून यायची. इथं झोलिंगेन म्हणून गाव आहे, सुऱ्या-तलवारींचं, अशा गावांतली पाती जहाजानं यायची आणि आपल्याकडे मूठ बसायची. फिरंग का म्हणतात मग?

‘पातं कुठलं का असंना,’ मामा म्हणाले, ‘फिरवणारा हात हितला.’

‘मग तो हात लिहून ठेवा ना. तुमच्यानंतर काय?’

हे मी बोलायला नको होतं. पण सात जोड्यांचे सात घाव डोळ्यांसमोर होते. उद्या कोल्हापुरात कुणी कागद घेऊन बसलं तर त्याच्या हातात कागद तरी असावा. मामा म्हणाले, बघू.

महिनाभर काही नाही. मग व्हॉट्सॅपवर त्यांचा एक बोलका निरोप आला, सतरा मिनिटांचा. त्यातली दहा मिनिटं त्यांच्या वस्तादांच्या खुराकावर आणि कुणा तिघांच्या भांडणावर, तीन मिनिटं कुत्रं भुंकतंय. मी कळवलं, मामा, लिहून. आणखी पंधरा दिवसांनी वहीच्या एका पानाचा फोटो आला. शाईच्या पेननं, ठळक अक्षरात, वर श्री. खाली: ‘प्रथम जागेला नमस्कार करावा. डावा पाय पुढे. पट्ट्याचा हात सैल ठेवावा. नजर समोर. घाव उजवीकडून खाली आणून वर न्यावा व पाय बदलावा. पुढे दाखवल्याप्रमाणे करावे.’

पुढे दाखवल्याप्रमाणे. पान तिथं संपलं होतं.

मी त्या पानाचं जर्मन केलं. मंगळवारी हॉलमध्ये नेलं, लिश्टेनाउअरचा कागद नेतात तसंच. पट्टा नव्हता, म्हणून एकाच्या हातावर जुनी सायकलची नळी आणि लाकडी पट्टी बांधली. चौघंजण पानावर वाकले. नर्सचं म्हणणं, घाव खाली आणताना पाय बदलायचा, कारण ‘व’ म्हणजे त्याच वेळी. विद्यार्थी म्हणाला, नाही, ‘व’ म्हणजे त्यानंतर. तुझ्या भाषेत नक्की काय ते सांग. मला सांगता येईना. दोन्ही होतं. लॅटिनवालीनं चष्मा कपाळावर चढवला आणि बोट ‘सैल’ या शब्दावर ठेवलं. हा हात सैल ठेवायचा तो कुठून सैल? खांद्यातून? कोपरातून? की मनगटातून? पट्ट्यात तर मनगट मुठीच्या लोखंडी खोळीत बंद असतं म्हणालीस, मग तिथून सैल कसं ठेवणार?

कोल्हापुरात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तरी फोन लावला. मामा झोपेतून उठले होते.

‘मामा, तुम्ही लिहिलंय हात सैल ठेवावा. सैल म्हणजे?’

‘सैल म्हणजे सैल,’ मामा म्हणाले.

स्पीकर चालू होता. चौघं माझ्या तोंडाकडे बघत होते, आता ह्याचं जर्मन काय म्हणून.